उपाशी गड्यांचा प्रयोग

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. माहा लहान दीर विजयकुमार दुर्गच्या एका कॉलेजात खेळाचा मास्तर होता. माह्या लग्नात अर्ध्या चड्डीत फिरे, म्हनून अरे-तुरेच. नोकरी कच्ची. "वहिनी, बुधवारी रायपूरच्या परिषदेत माहा पेपर जमला तं नोकरी पक्की," असं सांगून सांगून त्यानं महिनाभर माहं डोस्कं खाल्लं. पेपर कशावर, तं खेळून थकलेला गडी काय खाल्ल्यानं लवकर ताजा होते! बाप्पा, मले विचारलं असतं तं तवाच सांगतलं असतं.

पन नाही, प्रयोग पाह्यजे. मंगळवारी चरोद्याच्या मैदानात सहा गडी पळवले. मंग दीड तास आराम, अन् पुन्हा पळवाचं. त्या दीड तासात तिघांले नव्या संशोधनाचं दूध, केळं, ग्लुकोज. बाकी तिघांले काहीच नाही. त्यायची अंगारकी चतुर्थी होती, म्हनून आयतेच सापडले.

दुसऱ्या खेपेले उपासवाले सुसाट पळाले. दूधवाले ढेकर देत मागं. विजयचं तोंड उतरलं.

"कावून रे, काही खाल्लं का तुमी?"

"नाही मास्तर, उपास हाये ना!"

झालं! मैदानाले लागूनच आमचं क्वार्टर. तिथं येऊन त्यानं पेपर फाडला अन् नवा लिहाले बसला: थकल्यावर काहीच खाऊ नये. मले असा राग आला! महिनाभर माहं डोस्कं खाऊन, माह्या घरचं दूध संपवून ही अक्कल?

"वहिनी, द्या ना काही. माहाही उपास हाये. सकाळपासून पोटात कन नाही."

मी ताट वाढलं. साबुदान्याची खिचडी, भगर, दान्याची आमटी, रताळ्याचा कीस, दही. त्यानं दोनदा खिचडी घेतली, तिसऱ्यांदा खिचडीच्या गंजात डोकावून पाह्यलं.

"संपली?"

"संपन नाही तं काय! आरामाच्या वेळी तुहे ते तिघं इथंच बसले होते. गंज खरडून गेले."

त्याचा घास हातातच राह्यला. "पन ते तं म्हनले, काही खाल्लं नाही!"

"मंग? तू काय खाल्लं सकाळपासून?"

"काहीच ना..." म्हनता म्हनता त्यानं आपल्या ताटाकडे पाह्यलं.

बिचारा रडकुंडीले आला. "आता उद्या काय वाचू, वहिनी?"

"हेच वाच. माप मी सांगतो, लिहून घे."

रायपूरले त्यानं माहं सारं ताट, खिचडीपासून दह्यापर्यंत, मापासकट वाचलं. मोठे साहेब थक्क. म्हनले, "एवढं सारं एका जेवनात?"

"जेवन नाही साहेब," विजय म्हनला, "उपास."

नोकरी पक्की झाली. अजूनही मेला म्हनते, त्या दिवशी आपन काही खाल्लं नव्हतं.