घाडींच्या घरची हजेरी

गंधाली घरात बोलायला लागली की तिला थांबवायला दोन माणसं लागायची, आणि घराबाहेर तिला बोलतं करायला अख्खी बिल्डिंग कमी पडायची. मरोळच्या त्या पाचव्या मजल्यावर तिचा आवाज पार लिफ्टपर्यंत ऐकू येई. लिफ्टचं दार उघडून कुणी बाहेर आलं रे आलं, की नळ बंद केल्यासारखी गप्प. बालवाडीचं सगळं वर्ष तिने असंच काढलं. गाणी पाठ, रंग पाठ, भाज्यांची नावं पाठ, पण म्हणून दाखवायची ती घरी येऊन आजीला. वर्ष संपताना बालवाडीच्या ताईंनी मालनला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आजी, हिला बोलता येतं ना?"

"येतं की," मालन हसून म्हणाली. पण घरी येईपर्यंत ताईंच्या त्या "ना"ने तिचं डोकं पार पोखरून टाकलं होतं. आज ताई विचारतायत, जूनमध्ये पहिलीच्या बाई विचारतील, मग पोरं विचारायचंही सोडतील आणि मुकी म्हणून मोकळी होतील. एकदा चिकटलेलं नाव पोरांच्या तोंडातून काढणं म्हणजे फणसाचा चीक हातावरून काढण्यातलं काम. मालनचं मागणं मोठं नव्हतं. पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर, पोरीने आपलं नाव आपल्या तोंडाने सांगावं. बाकीचं शाळा बघून घेईल.

एप्रिलमध्ये चौथ्या मजल्यावरची माधुरी वर आली. तिचा सम्यकही यंदा पहिलीतच जाणार होता, आणि शाळेने केलेल्या आयांच्या गटाची ती पुढारीण होती.

"मावशी, शनिवारी शाळेत मेळावा आहे. पहिलीच्या पोरांची तयारी बघतात. परीक्षा नाही हां, टेन्शन घेऊ नका."

परीक्षा नाही म्हटल्यावर घाडींच्या घरात जास्तच टेन्शन आलं. सूनबाई रुचिराने लॅबमधून सुट्टी घेतली. पोरीला नवा फ्रॉक घातला, आणि आजोबा काशीराम यांनी, कुणी सांगितलं नसताना, दाढी केली.

मेळाव्यात टेबलं मांडली होती. एका ठिकाणी उड्या मारायच्या, एका ठिकाणी मणी ओवायचे, एका ठिकाणी कांदे-बटाटे लहान-मोठे लावायचे. गंधालीने सगळं झटपट केलं. वर एक नासका बटाटा निवडून बाजूला ठेवला. मग आलं बोलायचं टेबल. तिथे चेतना बाई बसल्या होत्या, पहिलीचा वर्ग त्यांच्याकडेच होता.

"तुझं नाव काय गं?"

गंधाली आपल्या सँडलकडे बघत राहिली.

"तिचं नाव गंधाली," मागून सम्यक म्हणाला. "ती आमच्या बिल्डिंगमध्ये राहते. त्यांच्याकडे कालवांची आमटी केली की आम्हाला पण येते."

"तुला विचारलं का रे राजा?" बाई हसल्या. मग मालनकडे वळून म्हणाल्या, "घाई नका करू, आजी. सुट्टीत घरी शाळा-शाळा खेळा. नाव घेतलं की 'हजर' म्हणायचं, एवढं जमलं तरी पहिला दिवस सोपा जातो."

झालं. मालनने त्या दिवसापासून पदर खोचला. यंदा मे महिन्यात गावी जायचं नाही, असं तिने जाहीर केलं.

"आणि आंबे? ते काय आपसूक चालत येतले?" काशीरामने विचारलं.

"येतले," मालन म्हणाली. तो विषय तिथेच मिटला.

पहिल्या संध्याकाळी तिने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून हजेरीपट केला, चष्मा लावला आणि घसा साफ केला. "हं. गंधाली—"

गंधालीने कमरेवर हात ठेवले. "मी बाई. तू मुलगी."

"अगं पण शाळेत तुला मुलगी व्हायचंय ना?"

"मग मी नाही खेळत."

घासाघीस झाली. थोडा वेळ तू, थोडा वेळ मी, असं मालनने सुचवून पाहिलं. बाईंनी ते फेटाळलं. शेवटी मालनने विचार केला, बोलतेय ना, बोलू दे. खुर्चीवर कोण बसलं याला काय महत्त्व. आणि तिने चष्मा आणि कॅलेंडर दोन्ही नातीच्या ताब्यात दिलं.

गंधाली बाई कडक होत्या. हातात लाटणं घेऊन त्या पलंगाच्या कडेवर बसत आणि चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून वरून बघत.

"काशीराम."

"हजर, बाई."

"मालन."

मालन पहिल्यांदा उत्तर द्यायचंच विसरली. लग्न होऊन मुंबईत आल्यापासून तिला कुणी नुसतं मालन म्हटलं नव्हतं. आधी ती काशीरामची बायको झाली, मग राजेशची आई, मग मावशी, मग आजी. नवरा तर "गो" वर भागवायचा. आणि आता ही वीतभर पोर लाटणं रोखून विचारत होती, "मालन, लक्ष कुठे आहे तुझं?"

"हजर, बाई," ती म्हणाली, आणि उगाचच केस मागे सारून ताठ बसली.

"रुचिरा."

"हजर," स्वयंपाकघरातून आवाज आला. "बाई, कुकरच्या दोन शिट्ट्या होऊ दे, मग बसते वर्गात."

"राजेश."

राजेश एसी दुरुस्तीच्या कामावर होता. मे महिन्यात एसीवाला घरी सापडला तर त्याचं काहीतरी बिनसलंय असं समजावं. नाव घेतलं, आणि ओ द्यायला कुणी नव्हतं.

"हजर, बाई," काशीराम म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काशीराम, तुझं नाव घेतलं का?"

"नाय, बाई."

"मग मध्ये का बोलतोस? बाहेर जाऊन उभा राहा."

काशीराम गॅलरीत जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. "राजेश" म्हटलं की आजोबा हजर, आणि मग गॅलरी.

"कशाक पोरीक चिडवतास ओ?" मालनने शेवटी विचारलं.

"चिडवतंय खय गो? सवय ती."

सवय खरी होती. ऐन तारुण्यात काशीराम गिरणीत बदली कामगार होता. बदलीवाल्याला स्वतःचं मशीन नसायचं. पाळी सुरू व्हायच्या वेळी गेटावर उभं राहायचं, आत नावं घेतली जायची, आणि एखादं नाव घेऊनही कुणी ओ दिली नाही की त्या जागेवर बदलीवाल्याला दिवसाचं काम मिळायचं. पुढे गिरणी गेली, मरोळच्या इंडस्ट्रीत वॉचमनकी आली, तीही संपली. पण रिकामं गेलेलं नाव कानावर पडलं, की त्याचे पाय अजून पुढे सरायचे.

मे महिना असा गेला. सम्यकने वर्गात नाव घातलं. माधुरी एकदा वाटीभर चटणी द्यायला आली तर तिचीही हजेरी लागली आणि उशिरा आल्याबद्दल तिला अंगठे धरायला लावले.

"मावशी, झकास चाललंय तुमचं," अंगठे धरूनच ती म्हणाली. "ही पोरगी शाळेत जायची नाही, शाळा चालवायला घेईल."

हे ऐकून मालनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इकडे रुचिराने दप्तर आणलं, डबा आणला, बाटली आणली आणि सगळ्यांवर गंधालीच्या नावाचे स्टिकर लावले. रेनकोटवर लावला, चपलेच्या पट्ट्यावर लावला. उरलेला एक काशीरामने आपल्या पानाच्या डबीला लावून घेतला. डब्यात काय द्यायचं यावर सासू-सुनेची जुंपली. मालनला घावणे द्यायचे होते, रुचिराचं म्हणणं घावणे गार होऊन चामडं होतात. शेवटी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी घावणे. दुसऱ्या दिवशी मम्मीचं."

शाळेचा दिवस उजाडला तेव्हा घाडींचं घर लग्नघरासारखं झालं होतं. राजेशने त्या दिवशी फोन उचलायचाच नाही असं ठरवलं होतं. लोकांना काय व्हायचं ते गरम होऊ दे. काशीरामने इस्त्रीचा शर्ट घातला. मालनने देवाला नारळ ठेवला आणि त्याला साफ शब्दांत सांगितलं, फक्त नाव. एवढंच.

शाळेच्या दारात आंब्याचं तोरण होतं, फुगे होते, आणि मोठ्या मुली येणाऱ्या प्रत्येकावर गुलाबाच्या पाकळ्या टाकत होत्या, मूल असो की आजोबा. आत परातीत लाल रंग कालवला होता. नव्या मुलांचं पाऊल त्यात बुडवून कागदावर ठसा घ्यायचा. गंधालीने पाऊल ठेवलं, उचललं, वाकून ठसा बघितला आणि आजीच्या कानात म्हणाली, "माझी करंगळी छान आलीय." कानात का होईना, शाळेच्या आत ती बोलली होती.

मुलं वर्गात बसली. पालकांना आज व्हरांड्यात थांबायची मुभा होती, तेव्हा सगळे खिडक्यांच्या गजांना चिकटले. घाडी मंडळींनी मधली खिडकी पटकावली. चेतना बाईंनी हजेरीपट उघडला, आणि मालनने गज घट्ट धरला. हे तर रोजचंच होतं. महिनाभर दर संध्याकाळी हेच तर चाललं होतं.

"सम्यक."

"हजर," सम्यक ओरडला. "चौथा मजला."

वर्ग हसला. बाईही हसल्या.

"गंधाली."

आणि त्या क्षणी मालनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि पायाखालची फरशी सरकली. महिनाभर रोज हजेरी झाली. काशीरामचं नाव घेतलं, मालनचं घेतलं, रुचिराचं, कामावर असलेल्या राजेशचं, चटणी घेऊन आलेल्या माधुरीचंसुद्धा घेतलं. गंधालीचं नाव कुणी एकदाही घेतलं नव्हतं. बाईंचं नाव हजेरीत असतं कुठे? पोरीने सगळा सराव केला होता, फक्त ओ द्यायचा तेवढा राहिला होता. तो सगळ्या घराने केला होता. आपलं नाव ऐकायच्या हौसेत मालनच्या हे ध्यानातही आलं नव्हतं.

गंधाली बाकावर बसून सँडलकडे बघत होती.

"गंधाली घाडी," बाईंनी पुन्हा नाव घेतलं, हळू आवाजात. "आलीय ना?"

पुढच्या बाकावरच्या दोन मुली मागे वळून बघायला लागल्या. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "बोलत नाही वाटतं." रुचिराने मालनचा दंड धरला. नाव पुन्हा रिकामं गेलं.

"हजर, बाई," काशीराम म्हणाला.

त्याचा आवाज घुमला. सगळा वर्ग खिडकीकडे वळला. गंधालीही वळली. तिने आजोबांना पाहिलं, आणि तिच्या भुवया वर गेल्या. नाकावर चष्मा नव्हता, तरी ती चष्म्यावरून बघितल्यासारखं बघत होती. ती बाकावरून उठली. हात कमरेवर गेले.

"काशीराम," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "तुझं नाव घेतलं का?"

"नाय, बाई."

"मग मध्ये का बोलतोस? गंधाली मी आहे."

व्हरांडा, वर्ग, खिडक्या, सगळीकडे हे ऐकू गेलं. अगदी लिफ्टपर्यंत गेलं असतं, लिफ्ट असती तर. राजेशला हसू आवरेना, त्याने तोंड रुमालात खुपसलं. रुचिरा हसत होती की रडत होती, ते तिलाच ठाऊक.

"बाहेर जाऊन उभा राहा," गंधाली म्हणाली.

"बाहेरच आसंय, बाई."

"मग तिथेच राहा."

चेतना बाईंनी ओठ दाबून हसू गिळलं आणि पेन उचललं. "बरं. मग गंधाली हजर आहे ना?"

गंधालीने बाईंकडे पाहिलं. खुर्चीवर दुसरंच कुणीतरी बसलंय, हे तिला तेव्हा कुठे पटलं असावं. तिने थोडा विचार केला, हात कमरेवरून काढले.

"हजर, बाई," ती म्हणाली, आणि खाली बसली. पुढच्या मुलीने तिला विचारलं, "ते तुझे आजोबा?" आणि गंधाली तिच्याकडे झुकून तिला काहीतरी सांगायला लागली. काय ते खिडकीपर्यंत ऐकू आलं नाही. पण सांगणं बरंच लांबलचक होतं, आणि त्यात हातवारे होते.

पालक पांगले. राजेशने फोन सुरू केला, तो लगेच वाजायला लागला. रुचिराला लॅब गाठायची होती. मालनने पिशवी उचलली आणि मागे वळून पाहिलं, तर काशीराम खिडकीजवळच हात बांधून उभा.

"चला ओ."

"कसा येव? बाईनी उभा केलानी हा."

मालन त्याच्याजवळ गेली. "मुद्दाम ना ओ?"

"काय मुद्दाम?" त्याने साळसूदपणे वर्गात बघितलं. "नाव असा रिकामा गेलला माका बघवणा नाय."

आत सगळी मुलं बाईंच्या मागोमाग गाणं म्हणत होती, आणि त्या गलक्यातही मालनला एक आवाज वेगळा ओळखू येत होता. खरं तर घरी जायचं होतं. ओटा तसाच पडला होता, देवापुढचा नारळ वाढवायचा होता, देवाचे आभार मानायचे होते. तिने पिशवी खाली ठेवली. मग काशीरामशेजारी भिंतीला पाठ लावून तीही उभी राहिली, आणि बाई बघतायत का ते हळूच वाकून पाहिलं.