पाय दाखवायचा राहिला

नार्व्याचे नारायण गावस मास्तर डॉक्टरकडे जायला तयार झाले तेच मुळी बायकोनं, सत्यवतीनं, अबोला धरल्यावर. गणेशचवथीपासून माणूस उतरत चालला होता. तांब्यावर तांबे पाणी पिऊनही घशाची कोरड जाईना, रात्री पुन्हा पुन्हा उठून परसात जावं लागे, आणि सदरा अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसे. एवढं मास्तरांना कबूल होतं. कबूल नव्हता तो पाय.

पणजीच्या मोर्चाला ते नव्या वहाणा घालून गेले होते. डाव्या अंगठ्याखाली फोड आला, फुटला आणि मग बरा होईचना. सत्यवतीला ते कळलं चादरीवरच्या डागामुळे. तिनं पाय मांडीवर घेऊन बघितला, तर मांसात खड्डा पडलेला आणि कडा काळपट. तिनं बोट लावून दाबलं. मास्तर वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी मानही वळवली नाही.

"दुखता?" तिनं विचारलं.

"दुखना. दुखनाच जाल्यार डॉक्टराक सांगपाचें कितें?" दुखतच नाही तर सांगायचं काय, असा त्यांचा हिशेब.

घरात दोघं असंच बोलत, कोकणीत. मास्तरांची मराठी शाळेत, सभेत आणि देवळातल्या कीर्तनात. त्या वर्षी मराठी की कोकणी या राजभाषेच्या वादानं गोवा ढवळून निघाला होता, आणि डिचोली तालुक्यात मराठीच्या बाजूनं उभं राहणाऱ्यांत मास्तरांचं नाव पहिलं. सत्यवतीला त्याचं वावगं वाटत नव्हतं. तिच्या ओव्या, तिच्या पोथ्या मराठीतच होत्या. पण मास्तरांचं सगळं बळ त्या वादात खर्ची पडतंय आणि देहाकडे बघायला कुणीच नाही, हे तिला दिसत होतं.

डिचोलीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून मनातल्या मनात घोकत राहिली. आधी पाण्याचं सांगायचं, मग रात्रीच्या उठण्याचं, मग पायाचं. पायाचं सांगताना वहाण काढायला लावायची. बाहेर खनिजाचे ट्रक धुरळा उडवत जात होते आणि मास्तर पुढच्या बाकावरच्या माणसाला मोर्चाची हकीकत सांगत होते.

डॉक्टर लवंदे मूळचे मडगावचे, वयानं तरुण. कोकणीच्या बाजूनं त्यांची पत्रं वर्तमानपत्रात येत, आणि ती मास्तरांनी वाचलेली होती. खोलीत टेबलाजवळ पेशंटची एकच खुर्ची होती. सत्यवती दाराजवळच्या बाकड्यावर बसली.

"बसात मास्तर. कितें जाता तुमकां?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तर ताठ झाले. "अशक्तपणा जाणवतो," ते म्हणाले. "पित्ताचा दाह होतो. तृषा अधिक लागते."

डॉक्टरांना हसू आलं. घरात तहान लागली की तुम्ही बायकोकडे तृषा लागली म्हणून पाणी मागता का, असं त्यांनी कोकणीतच विचारलं. मास्तरांनी उलट विचारलं, की डॉक्टरांनी शाळेत पहिलं पुस्तक कोणत्या भाषेत वाचलं? झालं. दोघांनाही हवं ते सापडलं. डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा मास्तरांच्या दंडाला बांधला, फुगवला, आणि बोलण्याच्या भरात आकडा बघायचाच राहिला म्हणून परत फुगवला. एक आईच्या बोलीबद्दल बोलत होता, दुसरा संतांच्या वाणीबद्दल. भांडण म्हणावं तर तसंही नव्हतं. आवाज चढत होते, पण मध्येच दोघं हसतही होते, आणि बाहेर थांबलेली माणसं दारातून डोकावून मजा बघत होती.

मग डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, कागद पुढे ओढला आणि विचारलं, "आनीक कितें?"

"आणखी काही नाही," मास्तर म्हणाले.

सत्यवती उठून उभी राहिली. बसमध्ये जुळवलेला क्रम मोडला आणि शेवटचं तेवढं आधी बाहेर आलं. "डॉक्टर, तांच्या पांयाक घाय जाला."

"तू गप बस," मास्तर मराठीत म्हणाले. "चप्पल लागलीय, दुसरं काही नाही. ही उगाच काळजी करते."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, पण हात लिहितच होता. "बस गो बाये," ते हसून म्हणाले. "मास्तरांक सगळें खबर आसा."

ती बसली. पित्ताची गोळी आणि शक्तीचं औषध घेऊन दोघं बाहेर पडली. परतीच्या वाटेवर मास्तर खुशीत होते. पुन्हा या माणसाच्या दारात पाऊल टाकणार नाही, पण जबाब मात्र चोख दिला, असं ते म्हणाले.

सत्यवती पायाला हळद लावत राहिली. दिवाळी सरली, घाव आत आत जात राहिला. दुसऱ्या डॉक्टरकडे चला म्हटलं की मास्तर औषध चालू आहे म्हणत. एके दिवशी सकाळी ते तापानं बरळू लागले, आणि पायाला असा वास येऊ लागला की शेजारचा सगुण ओटीवरूनच मागे फिरला. सगुण मास्तरांबरोबर सभांना जाणारा. आंदोलनापायी रस्ते अडवलेले होते, तरी त्यानंच ओळखीचा टॅक्सीवाला गाठून त्यांना म्हापशाच्या इस्पितळात पोचवलं.

तिथली डॉक्टरीण केरळची होती. तिला धड मराठी येत नव्हती की कोकणी. आल्याबरोबर तिनं सगुणला बाहेर पाठवलं, पायावरचं फडकं सोडलं आणि सत्यवतीला जवळ स्टुलावर बसवलं.

"तुम बोलो," ती म्हणाली. "धीरे."

सत्यवती मोडक्यातोडक्या हिंदीत बोलली. शब्द सापडला नाही तिथं हातानं दाखवलं. पाण्याचा तांब्या, रात्रीचं उठणं, चादरीवरचा डाग. डॉक्टरीण प्रत्येक गोष्ट परत उच्चारून विचारत होती, असंच ना? चुकलं तर सत्यवती मान हलवी आणि ती पुन्हा विचारी. तेवढ्यात लघवी तपासून आली. साखरेचा आजार आहे, डॉक्टरीण म्हणाली, आणि त्यात पायाची जाणीव जाते. दुखत नव्हतं हेच वाईट होतं.

"पहले डॉक्टर को नहीं दिखाया?"

"दिखाया," सत्यवती म्हणाली. "पाँव नहीं दिखाया."

"क्यों?"

सत्यवती पायावरून सोडलेलं फडकं गोळा करू लागली.

डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

उन्हाळ्यात गोवा राज्य झालं. त्याआधीच कायदा होऊन कोकणी राजभाषा झाली होती, मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली होती, आणि दोन्हीकडचे लोक आपणच जिंकलो किंवा आपणच हरलो असं आपापल्या परीनं सांगत होते. मास्तर कुबड्या घेऊन ओटीवर बसत. नोकरीवर परत जाणं झालं नाही.

एका बुधवारी डिचोलीच्या बाजारात डॉक्टर लवंदे सत्यवतीला समोरच भेटले. त्यांनी थांबून मास्तरांची चौकशी केली. त्यांना सगळं कळलं होतं. फार वाईट झालं, मास्तरांनी त्या दिवशी सांगायला हवं होतं, असं ते हळू आवाजात म्हणाले.

"हांव सांगताली," सत्यवती म्हणाली.

ती सांगत होती तो दिवस डॉक्टरांना आठवत होता की नाही, हे त्यांच्या तोंडावरून कळेना. मग मास्तरांना घेऊन या, फी घेणार नाही, असं ते म्हणाले. सत्यवतीनं "ना" म्हटलं आणि पिशवी उचलून बसच्या थांब्याकडे चालू लागली. आपण आणखी बोलायला हवं होतं, असं तिला चालताना वाटलं. पण जे बोलायचं होतं त्याची वेळ केव्हाच होऊन गेली होती.

घरी आली तर ओटीवर सगुण बसलेला आणि मास्तर त्याला लवंद्यांच्या दवाखान्यातली गोष्ट रंगवून सांगत होते. सगुणनं ती आधी किती वेळा ऐकली असेल कोण जाणे, तरी मांडीवर थाप मारून हसत होता. त्या गोष्टीत डॉक्टर निरुत्तर व्हायचे. त्या गोष्टीत बाकड्यावर कुणी बसलेलं नसायचं.

सत्यवतीनं चहा ठेवला. मग कोमट पाणी आणि मऊ फडकं घेऊन ती मास्तरांच्या पुढ्यात खाली बसली. मास्तरांनी बोलणं न थांबवता उजवा पाय पुढे केला. तिनं तो मांडीवर घेतला आणि उजेडाकडे वळवून बोटांच्या बेचक्यात बघू लागली.