कोंडीची उचकी

डॉक्टर बळवंतरावांना उचकी म्हणून कधी लागत नसे. आता हा काही मिरवायचा दागिना नव्हे. पण जव्हारात एखाद्याला मोठं म्हणायचं तर कुठंतरी टोचूनही ठेवावं लागतं, नाहीतर तो फुगून पठारावरून उडून जायचा. म्हणून त्यांचा मामेभाऊ श्रीकृष्ण, ज्याचं दुकान बाजारात आणि जीभ गावभर, गावानं डॉक्टरांचा सत्कार ठेवला होता त्या दिवशी सकाळी बशीत चहा ओतत म्हणाला, "काय रे बळवंता, गालाच्या कॅन्सरवर कुणी काही लिहायचं म्हटलं की तुझा दाखला देतात म्हणे, पार लंडनात. एवढी माणसं आठवण काढतात आणि तुला साधी उचकी नाही? मग जाते कुठं ती? टपालवाला पत्ता चुकतो की काय?"

सगळे हसले. बळवंतरावही हसले, जरा उशिरानं.

जव्हारचं राज्य विलीन झालं त्या साली पोशेरा गावची कोंडी त्यांच्याकडे मुंबईला आली होती. तंबाखू धरून धरून गालात गाठ झालेली. रेडियमच्या सुया टोचून त्यांनी गाठ जिरवली, बाई घरी गेली, आणि फेरतपासणीला काही आली नाही. बाकीचे रोगी वर्षं-वर्षं येत राहिले. शोधनिबंध लिहायला बसल्यावर कोंडीपुढची तेवढी जागा मोकळी दिसू लागली, तेव्हा बळवंतरावांनी तिथं लिहिलं, 'पाच वर्षांनंतरही निरोगी'. सगळे रोगी वाचल्याचा तो निबंध गाजला, त्याच्या खांद्यावर त्यांचे आणखी चार उभे राहिले, त्या चारांवर परक्या मुलखातल्या लोकांचे, आणि प्रत्येकात 'पोशेऱ्याची क.' ठणठणीत. आता लंडनच्या एका प्राध्यापकाला पुस्तकात छापायला तिचा ताजा फोटो हवा होता. म्हणून चहा होताच बळवंतराव गळ्यात कॅमेरा अडकवून, श्रीकृष्णाला शेजारी बसवून जीपनं पोशेऱ्याला निघाले, आणि 'बरीच असेल, बरीच असेल' असं वाटभर स्वतःला सांगत राहिले, रोग्याच्या नातेवाइकांना सांगतात ना, अगदी तसं.

कोंडीचा नवरा नवसू अंगणात नागली झोडत होता. त्यानं लगबगीनं बाज टाकली.

"कोंडी कुठाय?"

"ती गेली ना, डाक्टर. तुमच्याकडून आली त्याच्या दुसऱ्या होळीला. गाल परत फुटला."

तेवढ्यात घरातून उचकीचा आवाज आला. बारीक, बाईमाणसाचा.

"आत कोण आहे?"

"कोण नाय."

पुन्हा उचकी. नवसू उठला, तांब्या भरून त्यानं आत कुडाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला, आणि लेकराला पाणी पाजून आल्यासारखा निवांत येऊन बसला.

"तीच हाय. कोणतरी लय आठवण काढतंय तिची. बरोबर नाव घेतलं का थांबते उचकी, म्हणून तिच्या आयशीचं घेतलं, भावाचं घेतलं, दाभोशाच्या मावशीचं घेतलं. माझं तर पहिलंच घेतलं." तो थोडा घुटमळला, मग खाली बघत हळूच म्हणाला, "मुंबईला तिचं कोण होतं काय, डाक्टर? मी रागवायचा नाय. नाव तेवढं सांगा."

उचकी लागतच होती. बळवंतरावांचे कान तापले. त्यांनी मान फिरवली आणि ओठातल्या ओठात स्वतःचं नाव घेतलं.

उचकी थांबली.

नवसूनं कितीतरी वेळ कान देऊन ऐकलं. मग विचारलं, "कोण हो त्यो?"

ती बरी असल्याचं आपणच लिहिलं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं असतं तर कोंडीचं नाव स्वच्छ राहिलं असतं आणि बळवंतरावांचं गेलं असतं.

"होता एक," बळवंतराव म्हणाले. "वॉर्डात झाडू मारायचा."

नवसूनं मान हलवली. आत जाऊन तांब्या उचलून आणला आणि पालथा केला. थेंबही पडला नाही.

फोटोवाचूनच दोघं परतले. येताना श्रीकृष्ण भावाशेजारी न बसता जीपमध्ये मागं जाऊन बसला.

संध्याकाळी सत्कार झाला. हार घातले, नारळ दिला, आणि अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "आपल्या पोशेऱ्याची एक भगिनी डॉक्टरसाहेबांमुळे आजही निरोगी आहे, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे!" टाळ्या कडाडल्या. शेजारी बसलेल्या श्रीकृष्णानं सावकाश वळून भावाकडे पाहिलं.

आणि बळवंतरावांना उचकी लागली.

सभा खूष झाली. "लागली, लागली!" "अहो, लंडनवाल्याचं नाव घ्या!" कुणी परदेशी नावं मोडतोड करून ओरडलं, कुणी त्यांच्या बायकोचं घेतलं, अध्यक्षांनी स्वतःचं घेऊन पाहिलं. पेलाभर पाणी संपलं. उचकी थांबेना, बारीक, बाईमाणसासारखी येत राहिली.

श्रीकृष्ण हसत नव्हता. तो वाकला, बळवंतरावांच्या कानाशी तोंड नेलं आणि एकच नाव घेतलं.

"कोंडी."

उचकी थांबली.