नाव न घेता

वसुंधराबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या की नवीन पनवेलच्या त्या चर्चमधल्या बायका आधीच रुमाल काढून ठेवत. बाईंनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं. आवाज कमावलेला, शब्दांची कधी वानवा नाही, आणि कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हे अंगात मुरलेलं. बाईंनी मागितलं की देवाला नाही म्हणवत नाही, असं बायका म्हणत. बाई त्यावर "छे, सगळा महिमा त्याचा" म्हणून हात झटकत. पण ते ऐकायला त्यांना आवडे. फार आवडे, असंच म्हणायला हवं.

त्यामुळे चर्चने ख्रिस्ती समुपदेशनाचा वर्षभराचा वर्ग काढला तेव्हा पहिलं नाव बाईंचं लागलं, यात कुणालाच नवल वाटलं नाही. दर शनिवारी मागच्या हॉलमध्ये वर्ग भरे. शिकवायला वल्लरी मॅडम. वय पस्तिशीच्या आतबाहेर, मानसशास्त्र शिकलेल्या, बोलणं अगदी मोजकं. त्या दोघादोघांना समोरासमोर बसवत. एकाने आपलं दुखणं सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं, आणि ऐकणाऱ्याने दहा मिनिटं बायबलमधलं एकही वचन तोंडातून काढायचं नाही. ज्यांना अर्धं बायबल तोंडपाठ त्यांच्यावर हा भलताच जुलूम होता. वर्गातले एक निवृत्त काका दुसऱ्याच मिनिटाला बायबलमधल्या, संकटं सोसणाऱ्या ईयोबाची गोष्ट सांगायला लागत आणि मॅडम शांतपणे म्हणत, "काका, आधी माणूस, मग ईयोब."

बाईंना मात्र हे जमलं. निदान जमलंसं वाटलं. सहा महिन्यांनी मॅडमनी प्रत्येकाला एकेका माणसाचं खरोखरचं ऐकायला बसवलं, तेव्हा बाईंकडे रंजिता आली.

रंजिता जवळच्याच कोन गावची. तिशी नुकतीच ओलांडलेली, अंगाने काटक. नवरा निकेश तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा. दोघं चार-पाच वर्षांपासून चर्चला येत होती. घरी सासू, भामा, लकव्याने अंथरुणाला खिळलेली. तिची तुळस, तिचा देव्हारा जागच्या जागी होता आणि त्यावरून घरात कधी वाद नव्हता. सगळ्या चर्चमध्ये अंथरुणावरची सासू असलेलं घर एवढं एकच होतं. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण बाईंनी ते ठेवलं नाही.

दर बुधवारी दुपारी हॉलशेजारच्या छोट्या खोलीत दोघी बसत. बसण्याआधी बाई प्रत्येक वेळी सांगत, "इथलं इथेच राहील." मॅडमनी तसं सांगायला शिकवलं होतं. पहिले दोन बुधवार रंजिता पाण्याच्या टँकरबद्दल आणि निकेशच्या खोकल्याबद्दल बोलली. तिसऱ्या बुधवारी ती बराच वेळ ओढणीशी चाळा करत राहिली.

"काकी, मी आत्याला चिमटं काढते," ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची.

बाई ऐकत राहिल्या. ते त्यांनी बरोबर केलं.

"घास थुकते ती. माज्या तोंडावर थुकते. कवा ओलखते, कवा नाय. ओलखते तवा शिव्या घालते. मंग माजं डोकंच फिरतं. दंडाला चिमटा काढते, बाहीच्या आत. कोनाला दिसाय नको म्हून." तिने ओठ घट्ट मिटले आणि मग पुन्हा उघडले. "ती रडते तवा लान पोरावानी रडते. आनि मना बरं वाटतं, काकी. एक घटकाभर बरं वाटतं."

एवढं सांगून ती टेबलावर डोकं टेकून हमसून रडली. बाईंनी तिचा हात हातात घेतला. वचन सांगितलं नाही, उपदेश केला नाही. जाताना रंजिता म्हणाली की हे तिने निकेशलासुद्धा सांगितलेलं नाही, आणि आज पहिल्यांदा छाती मोकळी झाली. बाई घरी परतल्या त्या भरल्या मनाने. त्यात दया होती, रंजिताबद्दल माया होती, आणि आपल्या हातून काहीतरी मोठं झालं याचा तोराही होता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी एस्तेरबाईंच्या घरी भगिनी मंडळाची प्रार्थना असे. एस्तेरबाई मंडळाच्या अध्यक्षा, मनाने प्रेमळ, आणि कुणाच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. या बायकांची एक रीत होती. प्रार्थनेआधी प्रत्येकीने आपापली विनंती सांगायची. स्वतःची असली तर उघड, दुसऱ्याची असली तर "नाव घेत नाही" असं म्हणून. एवढं म्हटलं की पुढे काहीही सांगायला मोकळीक. कुणाच्या मुलाचं लग्न मोडलं, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागला, सगळ्यावर त्याच तीन शब्दांची ओढणी पडे. यात कुणाला वावगं वाटत नसे. देवालाच तर सांगतोय.

बाईंची पाळी आली. त्यांनी डोळे मिटले. "नाव घेत नाही," त्या म्हणाल्या, "पण आपल्यातल्या एका बहिणीसाठी."

इथे त्या थांबल्या असत्या तरी चाललं असतं. देवाला तेवढं पुरलं असतं. पण समोर कुणीतरी हळूच सुस्कारा सोडला, आणि बाईंच्या आवाजाला आपोआप तो उतार आला. "दिवसभर एका आजारी म्हाताऱ्या जिवाची सेवा करून थकलेली," त्या म्हणाल्या. "संतापाच्या भरात तिचा हात उठतो, पित्या. त्या थकलेल्या दंडावर, बाहीच्या आड, जिथे जगाला दिसत नाही, पण तुला दिसतं." रुमाल निघाले. एस्तेरबाईंनी हुंदका दिला. बाईंनी आणखी दोन वाक्यं जोडली, आणि ती फार सुंदर होती.

आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा दोन बायका एकमेकींकडे बघत होत्या. बाईंच्या ते नजरेला आलं. पण तेवढ्यात चहा आला.

सोमवारी एस्तेरबाईंचा फोन. "वसुंधराताई, उद्या कोनला जाऊन येऊ या का? त्या रंजिताच्या सासूला भेटायला. आजारी आहे बिचारी, कितीतरी दिवस मनात होतं." का, ते त्या बोलल्या नाहीत. बाईंनीही विचारलं नाही. त्या क्षणी नको म्हणता आलं असतं. पण नको म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण दिलं म्हणजे कबूल केल्यासारखं होणार. शिवाय, कदाचित खरंच नुसतं भेटायलाच जायचं असेल. माणूस स्वतःला किती चटकन समजावतो! बाई "येते" म्हणाल्या.

दोन रिक्षा करून सहा जणी गेल्या. बरोबर केळी, सफरचंदं, बिस्किटांचे पुडे. एवढ्या जणी दारात बघून रंजिताचा चेहरा फुलला. तिच्या घरी चर्चमधलं असं कुणी आलंच नव्हतं. शेजारच्या गोदूकडून तिने खुर्च्या मागवल्या, खाटेवरची चादर सरळ केली, सासूचे केस हाताने मागे सारले. "आत्या, बगा कोन आयलाय," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

एस्तेरबाई खाटेच्या कडेला बसल्या. "काय म्हणते तब्येत, आजी?" त्यांनी भामाचा हात हातात घेतला. मनगटापासून कुरवाळत हात वर नेला. कोपर, मग दंड. मग अंगठ्याने बाही अलगद वर सारली. बाकीच्या बायका पुढे झुकल्या. दंडावर पिवळट पडलेले दोन जुने वळ होते. कुणीतरी जीभ चुकचुकवली.

रंजिता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

तिने वर सारलेली बाही पाहिली. झुकलेल्या बायका पाहिल्या. मग सहा जणींतून नेमकी नजर उचलून तिने वसुंधराबाईंकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. आपल्याला दिसतंय ते खरंच खरं आहे का, असं विचारतात तशी ती बघत होती. बाईंनी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली. रंजिताने सगळ्यांना चहा दिला, बाईंनाही दिला, साखर पुरे का म्हणून विचारलं. बाईंनी कप तसाच खाली ठेवला. निघताना प्रार्थना झाली. ती एस्तेरबाईंनी केली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, रंजिता आली नाही. छोट्या खोलीत बाई दोन खुर्च्या मांडून बसून राहिल्या.

शनिवारी वर्गाच्या सुरुवातीला पाळकसाहेब मुद्दाम डोकावले. वर्गाची फळं दिसायला लागली आहेत, बहिणी घरोघर भेटीला जायला लागल्या आहेत, म्हणाले, आणि वसुंधराबाईंचं नाव घेऊन त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. बाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शाळेत चुकून कुणाला थोबाडीत मारली होती तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती.

वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या. वल्लरी मॅडम खुर्च्या एकात एक घालत होत्या. बाईंनी सगळं सांगितलं. पण सांगतानाही वकिली सुटली नाही.

"मी नाव घेतलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

मॅडमनी पुढची खुर्ची उचलली.

"आणि तुम्हीच शिकवलंत ना, कुणाच्या जिवाला धोका असेल तर बोलायचं. म्हातारीचा विचार करायला नको?"

"नक्की करायला हवा," मॅडम म्हणाल्या. "मग त्याच बुधवारी मला फोन का नाही केलात?"

मॅडमना फोन करायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. मॅडमना सांगितलं असतं तर रुमाल निघाले नसते.

"मी देवाला सांगितलं हो," त्या पुटपुटल्या.

"देवाला मनातल्या मनात ऐकू येतं, बाई."

मॅडम रागावल्या नाहीत, तेच बाईंना जास्त लागलं. रागावल्या असत्या तर वीस-पंचवीस वर्षांनी लहान मुलीने आपल्याला बोलावं यावर थोडं तरी रुसता आलं असतं. मॅडम एवढंच म्हणाल्या की सध्या तुम्ही कुणाचंच ऐकायला बसायचं नाही. म्हातारीकडे बघायलाच हवं, पण पुन्हा टोळीने नाही. आधी तुम्ही एकट्या रंजिताकडे जा, आणि तिच्याकडून काही घ्यायला जाऊ नका.

हे शेवटचं बाईंना तेव्हा नीट कळलं नाही. त्या माफी मागायला निघाल्या होत्या. माफी घ्यायला आपण निघालोय, हे त्यांना कळलं नव्हतं.

सोमवारी दुपारी त्या एकट्याच कोनला गेल्या. निकेश कामावर गेलेला. रंजिताने दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. खाटेवर भामा जागी होती, वरच्या पंख्याकडे बघत.

"रंजिता, माझं चुकलं," बाई म्हणाल्या. त्यांनी रिक्षात बरंच काही जुळवलं होतं, ते सगळं विसरलं. "मला क्षमा कर गं." आणि त्यांना रडू फुटलं.

रंजिता उभीच होती. "रडू नका, काकी," ती थकून म्हणाली. "आता तुमाला बी मीच गप करू का?"

बाईंनी पदर तोंडाला लावला.

"त्या बुधवारपासून मी आत्याला हात लावला नव्हता," रंजिता म्हणाली. "रोज राग यायचा, रोज म्हनायची, बुधवारी काकीला सांगेन. तेवड्यावर निभायचं." तिने सासूच्या पायावरची चादर उगाच सारखी केली. "तुमी सगल्या जनी गेल्या ना, चाय पिऊन, तवा काढला. जोरात काढला."

बाईंच्या ओठांवर सवयीने आलं, चल, प्रार्थना करू. त्यांनी तोंड उघडलंही. रंजिताने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना आपल्या आवाजाची किळस आली.

"तुमी मुद्दाम नाय केलं, म्हाईत हाय मना," रंजिता म्हणाली. "पन आता मी कोनाला सांगू? चर्चमदी आले का सगल्या माजी बोटं बगतील. निकेसला सांगितलं तर तो आईला घेऊन बहिनीकडं जाईल. मंग कोनाला सांगू?"

खाटेवर भामाने काहीतरी मागितलं. रंजिताने तिच्या तोंडाला भांडं लावलं, हनुवटीवर ओघळलेलं पाणी पुसलं. हात अगदी हलका होता. बाई बघत होत्या. मला सांग, मी बदललेय, एकदाच संधी दे, असं त्यांना मनापासून म्हणावंसं वाटत होतं. ते पाय धरून मागण्यासारखंच होतं. पण ते कुणासाठी, हे आता त्यांना ठाऊक होतं.

"वल्लरी मॅडम आहेत ना, आम्हाला शिकवणाऱ्या," त्या म्हणाल्या. "त्यांना सांग. आजींचंही सांग, त्या मार्ग काढतील. त्या ओरडणार नाहीत."

रंजिताने भांडं खाली ठेवलं. "आनि त्या तुमाला सांगतील?"

"नाही."

"तुमी विचारलं तरी?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. म्हणजे रंजिताचं पुढे काय झालं, म्हातारीचा दंड बरा झाला का, या पोरीने आपल्याला कधी माफ केलं का, यातलं काही त्यांना आता कुणी सांगणार नव्हतं. रविवारी ती दोन बाकं सोडून बसली तरी विचारायची सोय नव्हती.

"विचारलं तरी नाही," त्या म्हणाल्या.

"मंग द्या नंबर," रंजिता म्हणाली, आणि फोन आणायला आत गेली.