तिसऱ्या खुणेपर्यंत

मी एक जुने गिरमिट आहे. लाकडाला भोके पाडणारे नव्हे, मातीत उतरणारे. मित्रांनो, अंगात पीळ घेऊनच मी जन्मलो. एका लोहाराने ट्रकच्या मोडक्या दांड्यातून मला घडवले, वर आडवी मूठ बसवली आणि अंगावर एकेका फुटावर तीन खुणा कोरल्या.

माझे खरे आयुष्य सुरू झाले एका कोरडवाहू शेतात. तिथे एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ गहू पिकवत. पाट नाही, विहीर नाही. पावसाने जमिनीच्या पोटात जेवढी ओल ठेवली असेल, तेवढ्यावरच ओंबी भरायची. धाकट्याला हिरव्या रंगाचे वेड. एका वर्षी त्याने सगळा युरिया पेरणीलाच ओतला. पाठोपाठ धोधो सर आली आणि मग ढग फिरकलेच नाहीत. दाणे बेताचे भरले, तेही पोटाशी पांढुरके. पावासाठी पीठ दळणाऱ्या गिरणीतील परीक्षक बाईंनी एक दाणा कापून पाहिला.

"प्रथिनं कमी. याची कणीक ताणली की तुटणार. हा कोंबड्यांच्या खाद्यात जाईल. पुढच्या वर्षीही असाच निघाला, तर इकडे आणूच नका."

पुढच्या पेरणीआधी धाकटा पुन्हा युरियाची पोती उतरवून मोकळा.

"जमीन उपाशी आहे, ताई! वरची माती तपासून आणली ना मी? नत्र नाहीच."

"वरची! घागर भरलीय की रिकामी, ते काठ चाटून कळतं होय रे?"

आणि तिने मला उचलले. पहिल्या फुटाखाली माती दगडासारखी होती. तिने मुठीवर सारा भार टाकला. तिचे तळहात सोलवटले, मी कण्हलो; पण दोघांपैकी कोणीच मागे हटले नाही. तिसऱ्या खुणेशी मी वर आणली ती थंड, ओली माती, बोटांत वळली तर गोळी व्हावी अशी. तिने ती वेगळ्या पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवली. उत्तर आले: खाली वरच्यापेक्षा तिप्पट नत्र आहे. गेल्या वर्षीचे खत नाहीसे झाले नव्हते. त्या सरीबरोबर ते खोल अंधारात उतरले होते आणि मुळांची वाट पाहत बसले होते.

"पेरणीला अर्धंच पोतं," ती म्हणाली. "बाकीचं मुळं खालून घेतील."

"आणि नाही उतरली मुळं तेवढी खाली, तर?"

"तर पुढे या शेतात तुझाच शब्द. मी तोंड उघडणार नाही."

दीड महिना गहू फिकट राहिला. शेजारचे शेत हिरवेकंच. "ताई, आपल्या गव्हाला कावीळ झालीय," धाकटा रोज म्हणे. गिरमिट मी, पण तिच्या कानाला तो लागला होता! तिने मात्र पोत्यांची तोंडे सोडू दिली नाहीत. दर आठवड्याला ती मला मातीत उतरवी आणि माझ्या पिळांत अडकलेली पांढरी मुळे शोधी. दुसरी खूण. पुन्हा दुसरीच. गहू पोटरीवर येऊन ओंबी आत फुगू लागण्याच्या सुमारास तिसऱ्या खुणेच्या मातीत केसासारखे एक मूळ निघाले. बराच वेळ ते मूळ तिने तळहातावरून झटकले नाही. आठवड्याभरात पाने गडद झाली.

मळणी झाली. पोती गतवर्षीपेक्षा जास्तच भरली. गिरणीत परीक्षक बाईंनी कणकेचा गोळा ओढला. तो लांबला, आणखी लांबला, पण तुटला नाही.

"हा पावाचा गहू," त्या म्हणाल्या.

धाकटा पुटपुटला, "पुढच्या पेरणीआधी भोकं मी पाडतो."

"पाड की. पण गिरमिट चिखलासकट कोपऱ्यात फेकलंस तर बघ."

त्याने भोके पाडली, मन लावून पाडली. आणि मला फेकलेच. मित्रांनो, आज माझ्या पिळांवर गंज चढला आहे, टोक बोथट झाले आहे. पेरणी तोंडावर आली आहे. मला धुवा, पुसा, बोटभर तेल लावा. जमिनीला काही देण्याआधी तिच्यापाशी काय आहे ते खोलवर जाऊन विचारा. माती कितीही कठीण असो, तुम्ही मुठीवर भार टाका, मी उतरेन.