शब्दाचे शेजारी

कचरू सरांनी जन्मभर महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, पण बायकोला शिकवायचं त्यांना सुचलं ते निवृत्त झाल्यावर. राधाबाईंनी कपाळाला हात लावला. या वयात कसलं इंग्रजी? पण मास्तरकीची खोड अशी पेन्शनीत जाते थोडीच. आणि घरात दुसरा विद्यार्थी नव्हता. मुलगा अभय खराडीला नोकरी करायचा आणि तिथंच फ्लॅट घेऊन राहायचा.

मग विश्रांतवाडीच्या त्या दोन खोल्यांत रोज सकाळची वंदना झाली की इंग्रजी पेपर उघडायचा. डिक्शनरी कपाटावर चढवून ठेवलेली.

"शब्द अडला, तर त्याच्या शेजारीपाजाऱ्यांना विचारायचं," सर म्हणायचे. "आजूबाजूला कोण राहतं ते बघ, म्हणजे हा कोण ते कळेल. डिक्शनरी शेवटी, खात्री करायला."

खडकवासल्याच्या बातमीतला 'ब्रिम' राधाबाईंनी असाच पकडला. शेजारी धरण होतं, पाऊस होता, 'फुल' होतं. काठोकाठ, दुसरं काय असणार? टोमॅटोच्या 'ग्लट'ला मात्र त्या फसल्या. मंडईत कुणी घेईना म्हणून टोमॅटो फेकून दिले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, सडके.

"चूक. भाव का पडले ते वाच. माल वारेमाप आला म्हणून."

"अहो, निदान अर्धा मार्क तरी द्या."

"अर्धं बरोबर म्हणजे चूकच."

त्या दिवशी सरांना आमटी अळणी मिळाली. पण मार्क काही वाढले नाहीत.

अभयला यातलं काही सांगितलं नव्हतं. एक दिवस आईनं त्याच्याशी फाडफाड इंग्रजी बोलायचं आणि बापानं त्याचा चेहरा बघत बसायचं, असा दोघांचा बेत होता.

तो बेत तसाच राहिला. सरांच्या पोटात गाठ निघाली आणि हॉस्पिटलचे खेटे सुरू झाले. केमो झाल्या, माणूस निम्मा झाला. एका सकाळी डॉक्टरांनी अभयला वॉर्डाबाहेर बोलावलं, तेव्हा राधाबाईही मागोमाग गेल्या. अभयनं आईकडे एकदा पाहिलं आणि हळूच डॉक्टरांना म्हणाला, "इंग्लिश, प्लीज. मदर डझन्ट नो इंग्लिश."

हे वाक्य राधाबाईंना लख्ख कळलं.

डॉक्टर सावकाश बोलत होते. त्यात एक शब्द नवा होता, 'पॅलिएटिव्ह'. राधाबाई सवयीनं शेजारी शोधायला लागल्या. एका अंगाला 'नो मोअर केमो' होतं. दुसऱ्या अंगाला 'पेन', 'होम', 'कम्फर्टेबल'. आणि जरा पलीकडे, 'अ फ्यू वीक्स'. अर्थ लागला. इतक्या पटकन कुठल्याच शब्दाचा लागला नव्हता. शिकलेच नसते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

"काय म्हणाले रे?" त्यांनी विचारलं.

"घरी न्या म्हणाले. औषधं बदलून दिलीत. आराम पडेल." खोटं बोलताना तो लहानपणासारखाच खाली बघत होता.

"बरं झालं," राधाबाई म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो डिस्चार्जचे कागद करायला निघून गेला.

आत सर जागे होते. "काय म्हणाले डॉक्टर?"

"अभय म्हणतो की..."

"अभयचं राहू दे. तू काय ऐकलंस?"

त्यांच्याशी खोटं बोलायचा राधाबाईंना सराव नव्हता. "एक नवा शब्द होता," त्या म्हणाल्या. "पॅलिएटिव्ह."

सर उशीला टेकून जरा उठून बसले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "शेजारी कोण होतं?"

"होम होतं. कम्फर्टेबल होतं."

"आणखी?"

"बास. एवढंच." बाकीचे शेजारी त्यांनी दाराबाहेरच ठेवले होते.

"मग अर्थ काय लागतो?"

"घरी नेऊन बरं करायचं," त्या कशाबशा म्हणाल्या.

सरांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि हलकेच थोपटला.

"बरोबर," ते म्हणाले. "पूर्ण मार्क."

राधाबाईंनी त्या हातावर डोकं टेकलं आणि त्यांना रडू आवरेना. अहो, चूक म्हणा, त्यांना सांगायचं होतं. एकदा तरी चूक म्हणा.