भिंतीत उमटलेलं डोकं

दारात चपलांचा ढीग आणि आत माणसांचा. जो तो मान वाकडी करून पलंगामागच्या भिंतीकडे बघत होता. नव्या कोऱ्या फिकट रंगातून वर आलेला तो वाटोळा, काळपट डाग म्हणजे काकूंच्या यजमानांचं डोकं, यावर गल्लीचं एकमत झालं होतं. डाव्या कानाबद्दल तेवढा वाद होता.

यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची खोली रंगवायला काढली ती मुलीसाठी. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती तान्ह्या बाळासह माहेरी आली, तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या होत्या, "बरं केलंस." पण रंग वाळला, डोकं उमटलं आणि कुणीतरी महाराजांना घेऊन आलं.

महाराजांनी भिंतीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि आवाज पार विहिरीच्या तळाला नेला.

"नाराज आहेत! लेकीनं संसार मोडला, आत्म्याला सोसवत नाही. तिला सासरी पाठवा, खोलीला कुलूप घाला. पुढचं मी बघतो."

"भिंत धुतली होतीस?" काकूंनी रंगाऱ्याला विचारलं. "प्रायमर लावलास?"

"तीन हात मारले, काकू. तरी वर येतायत," रंगाऱ्यानं डागालाच हात जोडले. "आत्म्यापुढं प्रायमर काय करणार?"

त्याची भक्ती खरी होती. न धुता रंग फासल्याचा ठपका परस्पर परलोकावर गेला होता.

मुलगी मात्र बाळाचे कपडे पिशवीत भरू लागली. "बाबा नेहमी म्हणायचे, जुळवून घे. जाते मी, आई." ते ऐकून काकूंच्या काळजाला घरं पडली.

त्या डोक्याला काकूंइतकं कोण ओळखणार? यजमान डोक्यावर तेल थापायचे आणि भिंतीला टेकून तासन्‌तास पेपर वाचायचे. त्यांचे उशीचे अभ्रे धुण्यात काकूंचा जन्म गेला होता. पण शहाण्याला शब्दाचा मार. गर्दीला तो लागत नाही.

"महाराज, परवा या," काकू म्हणाल्या. "तोवर मुलगी इथंच राहील."

सगळे गेल्यावर त्यांनी यजमानांची तेलाची बाटली काढली, स्वयंपाकघरातल्या भिंतीवर तळहातानं तेल चोळलं आणि उरलेल्या रंगाचे दोन हात वर मारून टाकले.

परवा गर्दी दुप्पट झाली. काकूंनी महाराजांना थेट ओट्याजवळ नेलं. तिथंही तसंच काळपट, वाटोळं डोकं! महाराजांनी लगेच डोळे मिटले.

"इथंही आले! त्यांचा या जागेवर फार जीव होता!"

"नवलच आहे," काकू म्हणाल्या. "जन्मभर इथं पाऊल टाकलं नाही त्यांनी. पाण्याचा पेलासुद्धा हातानं घेतला नाही. आलेच आहेत तर कांदा चिरतात का, तेवढं विचारा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. काकूंनी बाटली सगळ्यांपुढे धरली आणि काय केलं ते सांगितलं. "तेल रंगातून वर येतं. आधी धुवावं लागतं, मग प्रायमर. इतकंच."

"ते तेल आत्म्यानंच तुमच्याकडून लावून घेतलं!" महाराज म्हणाले.

"मग धुऊनही तोच घेईल," म्हणत काकूंनी गरम पाण्याची आणि सोड्याची बादली रंगाऱ्याच्या हातात दिली. दोन्ही भिंती घासून झाल्या तेव्हा पाणी काळंकुट्ट झालं होतं आणि महाराज निघून गेले होते. भिंती वाळल्यावर प्रायमर लागला, मग रंग. डोकं काही परत आलं नाही.

"पण आई," मुलीनं विचारलं, "बाबा खरंच रागावले असते का गं?"

काकू खोटं बोलल्या नाहीत. "असते. चार दिवस अबोला धरला असता आणि मग बाळाला मांडीवर घेऊन बसले असते. पण मेलेल्या माणसाच्या तोंडी कुणीही शब्द घालावेत आणि आपण जिवंत लेकीला मार खायला पाठवावं, ही कसली श्रद्धा? भिंतीवर काही उमटलं, तर तिला आधी काय लागलं होतं ते शोधावं. आपल्या आयुष्याचा निकाल भिंतीला विचारू नये."

मुलगी खूप दिवसांनी मोकळेपणानं रडली. मग तिनं पलंग सरकवून भिंतीला लावला आणि बाळाला आतल्या बाजूला निजवलं.